भरीव ठोके

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे होते आणि हातोडी माझ्याच हातात होती. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मीही हसणाऱ्यांतलीच होते.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. रात्र नव्हती, चांगली दुपार होती.

माझी ताई जंगलांचा अभ्यास करते. जमिनीतलं पाणी खोल गेलं की झाडं अशक्त होतात आणि मग किडे त्यांना आतून पोखरतात. एक अख्खा डोंगरउतार असा सुकत चालला होता. तो वाचेल की नाही हे ताईला ठरवायचं होतं. ती लाकडी हातोडीने खोडावर हलके हलके ठोकून बघायची. भरीव आवाज आला तर झाड धड, पोकळ आला तर आतून खलास.

तिचा मदतनीस तापाने आडवा झाला, म्हणून तिने मला गळ घातली. मी दातांची डॉक्टर.

"तुला काय नवीन शिकवायचं? तू दात ठोकतेस, मी झाडं."

"माझे पेशंट निदान ओरडतात तरी," मी म्हटलं.

तिथे फोन लागत नाही. म्हणून त्यांची एक पद्धत होती. दोघांनी दोन बाजूंनी काम करायचं. मधूनमधून खोडावर जोरात दोन ठोके द्यायचे, म्हणजे 'मी ठीक आहे'. दुसऱ्याने दोन ठोक्यांनीच उत्तर द्यायचं. तीन ठोके म्हणजे मदत हवी.

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"तर दुसरा काम टाकून शोधायला येतो. तेव्हा आळस करू नकोस, उगाच मला पळवशील."

थोड्या वेळाने धुकं उतरलं. ताई दिसेनाशी झाली.

ठक... ठक.

मी उत्तर दिलं.

बराच वेळ असंच चाललं. एकही पक्षी ओरडत नव्हता. वारासुद्धा नव्हता. आणि माझं प्रत्येक झाड पोकळ निघत होतं. मला मनातून वाईट वाटायला लागलं होतं.

पुन्हा ठोके आले. मी हातोडी उचलली... आणि थांबले.

आवाज भरीव होता.

दिवसभर दात ठोकणाऱ्या बाईचा कान आहे माझा. सकाळपासून आम्हा दोघींना त्या उतारावर एकही धड झाड सापडलं नव्हतं. मग ताई ठोकत होती कशावर?

आठवून पाहिलं. आधीचे ठोके पोकळ होते. मध्येच कधीतरी ते भरीव झाले होते, आणि मी आपली बिनडोकासारखी उत्तरं देत राहिले होते.

"ताई!"



ठक... ठक.

मी उत्तर दिलं नाही.



मग ठोके आले... जरा जवळून.

मग त्याच्याही अलीकडच्या झाडातून. खाली घोटाभर पाचोळा होता, पण एक पान वाजलं नाही.

तेव्हा मला ताईचं बोलणं आठवलं. उत्तर नाही दिलं, की दुसरा शोधायला येतो.

पुढचे ठोके माझ्या अगदी पाठीमागे आले. मी नुकतंच तपासलेलं, पोकळ निघालेलं झाड होतं ते.

ठोके आतून येत होते...

मी पळत सुटले. ताईला हाका मारत, झाडांवर आपटत.

ती एका खड्ड्यात सापडली. मेलेल्या मुळांखालची जमीन खचली होती. पाय मोडला होता, ओठ निळे पडले होते. मला बघून रडतच ओरडली.

"कधीची तीन ठोके देतेय! घसा बसला माझा! आणि तू दोन-दोन काय वाजवतेस? मस्करी सुचते तुला?"

"मी तीन ऐकलेच नाहीत, ताई. आणि ठोकायचं तर मी केव्हाच थांबवलंय."



"मग मला उत्तर कोण देत होतं?"

आमच्या दोघींच्या हातोड्या खाली पडलेल्या होत्या.

ठक... ठक.

तिला गाडीपर्यंत कसं ओढत आणलं, ते मला सांगता येणार नाही. अजून उशीर झाला असता तर ती थंडीनेच गेली असती. कुणीतरी आम्हा दोघींनाही 'सगळं ठीक आहे' असं सांगत होतं. त्याचाच मला जास्त राग येतो, आणि भीतीही.

ताईचं म्हणणं वेगळं. "धुक्यात आवाज फिरतो गं. नाहीतर सुतारपक्षी असेल." त्या उतारावर आता एकही पक्षी उरला नाही, हे तिनेच मला जाताना सांगितलं होतं. 

गेल्या आठवड्यात भर दुपारी मी एका आजोबांची दाढ बघत होते. दवाखान्यातल्या लाकडी कपाटातून दोन ठोके आले.

भरीव.

"आत कोण आहे?" आजोबांनी विचारलं.

मी काय करणार? टेबलावर दोन ठोके दिले आणि त्यांना म्हटलं, आ करा.

काल ताईचा फोन आला. प्लास्टर निघालं म्हणे. "उतार अर्धा तपासायचा राहिलाय. तसाच सोडला तर सगळा मेला म्हणून तोडून टाकतील. रविवारी जातेय, येतेस?"

"नाही. आणि तूही जाऊ नकोस."

"मग एकटी जाईन," ती हसून म्हणाली. "उत्तर द्यायला तिथे कुणीतरी आहेच की!"

मला हसू आलं नाही. रविवार परवा आहे. आणि मी बसलेय त्या टेबलाच्या आतून मघापासून दोन-दोन ठोके येताहेत...