दोन पांढरे, दोन काळे

तो पंखा बंद करा आधी. आणि मधे कुणी फोन काढला तर मी सरळ उठून झोपायला जाईन. सांगतोय ते ऐकीव नाही, माझ्या धाकट्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय. मला त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर विषय बदलतो.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शेवटचा शनिवार. रात्री सव्वाअकराला हा गडी गाडी घेऊन बाहेर पडला, तो काही भुतं शोधायला नाही. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बघायला.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची. जुनी, कार्ब्युरेटरची. थोरला होता तोवर ती सुरू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागायचं. तो गेला आणि गाडीने जो आडमुठेपणा सुरू केला! सिग्नलला बंद पडायची, चढावर धापा टाकायची, नुसती थरथरायची. धाकटा स्वतः मेकॅनिक, तरी तीन महिने तिच्यापुढे डोकं आपटून घेत होता. कार्ब्युरेटरात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण काही केल्या जुळेना. पेट्रोल वाढवलं की काळा धूर, कमी केलं की खोकते. पेट्रोलचा जेट बदल, स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे... वैतागला होता नुसता. जेवणावरून उठून जायचा.

काय म्हणालास? टर्बो? नव्हता रे बाबा. आपल्याच श्वासावर चालणारं इंजिन ते. स्वतः ओढेल तेवढीच हवा. ऐक आता.

शेवटी वहिनीच म्हणाली, "भाऊजी, पुरे झालं. यांच्या गाडीचे हे हाल मला नाही बघवत. सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय."

"वहिनी, आजची रात्र द्या फक्त."

"रात्रभरात काय होणार आहे?" ती म्हणाली, पण नाही म्हणाली नाही.

तर हा खडीच्या खाणीकडे गेला. खाण बंद, त्यामुळे चढाचा रस्ता मोकळा. प्लग वाचायची एक रीत असते. चढावर गाडी पूर्ण ताणायची आणि त्या जोरातच क्लच दाबून किल्ली बंद करायची. गाडी तशीच गपचूप घरंगळत थांबू द्यायची. मग चारही प्लग काढायचे. काळा निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा निघाला तर कमी, बिस्किटाच्या रंगाचा निघाला तर जमलं. चुकून दोन मिनिटं जरी इंजिन उभ्याने चालू ठेवलंत, तर रंग बदलतो आणि प्लग खोटं सांगतो.

पहिल्या खेपेला चारही काळे. ठीक. स्क्रू फिरवला. दुसऱ्या खेपेला चारही पांढरे. हेही ठीक. मधे आणायचं, एवढंच तर होतं. एअर फिल्टर काढून ठेवला, जेट बदलला, तिसऱ्यांदा ताणली. किल्ली बंद. टॉर्च दातात धरून, फडक्याने एकेक प्लग काढला.

दोन पांढरे. दोन काळे.

आता सांगा, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा? एकच कार्ब्युरेटर, चौघांना तोच वाढतोय, आणि दोघे उपाशी, दोघांना अजीर्ण! त्याचं डोकंच फिरलं. शिव्या घालत, डोळे पुसत, अंधारातच प्लग परत बसवले, त्यांवर वायरींच्या टोप्या दाबल्या, पाना भिरकावला झाडीत. आणि ओरडला, "दादा, मला नाही जमत! ऐकतोयस का? नेणारेत उद्या तिला. तूच बघ आता काय ते!"

मग शांत.

बॉनेट उघडं होतं. टॉर्च मंद झाला होता. आणि आतून आवाज आला.

श्वासाचा.

इंजिन बंद होतं, पोरांनो. किल्ली त्याच्या खिशात होती.

आत... बाहेर... आत...

त्याला वाटलं, गरम लोखंड आहे, निवताना करतं आवाज. मेकॅनिक माणूस. हवा ओढली जातेय का, हे बघायची सवय हाताला. त्याने तळवा कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवला.

हात... ओढला गेला.

घट्ट. हिसडा दिला, सुटेना. मग हळूच सुटला. आणि तळव्यावर ऊन हवा आली. एकदाच.

मग काही नाही.

बॉनेट आपटून, तो कसा आत बसला, किल्ली कशी लावली, त्याला आठवत नाही. किल्ली अर्धी फिरते तोच गाडी सुरू झाली. थरथर नाही, खोकला नाही. चढ उतरली, पूल ओलांडला, सिग्नलला उभी राहिली तर त्याला वाटलं बंदच पडली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तशी निघाली. तीन महिने ज्यासाठी जीव जाळला ते झालं होतं, आणि याला आनंद नव्हता. शेजारच्या सीटकडे त्याने बघितलंच नाही. घर येईपर्यंत नाही.

वहिनी फाटकात उभी. पायात चप्पल नाही.

"कोपऱ्यावर गाडी वळली ना, तो आवाज ऐकला," ती म्हणाली. "मला वाटलं, हेच आले." आणि तिथेच खाली बसून रडली. भंगारवाला सकाळी आला तसा परत गेला.

पण तो येण्याआधी, उजेड झाल्यावर, धाकट्याने बॉनेट उघडलं. पहिल्या तीन प्लगांवर टोप्या घट्ट होत्या. चौथ्याची टोपी बाजूला लोंबत होती. रागारागात, अंधारात, लावायची राहिली होती.

म्हणजे चौथ्याला ठिणगीच नव्हती. खाणीपासून घरापर्यंत गाडी तीन पायांवर लंगडत यायला हवी होती. आणि तो प्लग पेट्रोलने चिंब निघायला हवा होता.

त्याने घरातला दुसरा पाना लावला, प्लग काढला.

कोरडा... आणि बिस्किटाच्या रंगाचा.