वासाचा रकाना

टपरीवरचं दूध उतू गेलं, शेगडीवर जळलं आणि चहासाठी उभ्या असलेल्या सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. एकजण तेवढा कपातला चहा चवीनं पीत उभा होता. वर टपरीवाल्याला म्हणाला, "आज चहा फक्कड जमला, भाऊ."

निकिताला हसू आवरलं नाही. तिनं ओढणी तोंडावर घेतली, पण त्यानं पाहिलंच. तोही हसला – नेमकं कशाला हसायचं हे न कळता हसतात, तसा.

पाच मिनिटांनी दोघंही यवतमाळातल्या एकाच इमारतीचा एकच जिना चढले. वर गॅस मेकॅनिकचं सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी परीक्षा. पास झालं की लोकांच्या घरी जाऊन शेगड्या, नळ्या तपासण्याचा परवाना. अकरा पुरुष होते आणि एक निकिता. प्रशिक्षण देणारे हिरासिंग सर चाळीस वर्षं याच कामात मुरलेले. त्यांनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि चौथ्या टेबलावर निकितासमोर तोच टपरीवर चहा पिणारा आला. नाव राजदीप. गाव मुकुटबन.

निकिता राळेगावची. तीन वर्षं गॅस एजन्सीच्या खिडकीत बसून ती सिलिंडरची नोंदणी घेत होती. दुपारी बायांचे फोन यायचे – घरी कोणी नाही, तपासणीला बाईमाणूस असेल तरच पाठवा. एजन्सीत तशी बाई नव्हती. एक दिवस निकितानं मालकांना सांगितलं, की मीच शिकून येते. मालक आधी हसले, मग विचारात पडले आणि शेवटी हो म्हणाले. घरी आई विमलताईंनी मात्र कपाळाला हात लावला. हातात पाना घेतलेली पोरगी कोण करून घेईल, अशी त्यांची चिंता होती.

राजदीप एकोणतीस वर्षांचा. आठवीतून शाळा सुटली तसा तो काकाच्या दुकानात शेगड्या दुरुस्त करायला बसला होता. बर्नर त्याच्या हातात आला, की आपोआप ऐकायचा. पण आता परवाना नसलेल्या माणसाला एजन्सी कोणाच्या घरी पाठवीना, म्हणून त्याला इथं यावं लागलं. कामात पक्का, पुस्तकात कच्चा. निकिताचं उलटं.

"पाना असा आवळून धरू नका, मॅडम," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आटे जातेत. पान्याले फक्त सांगाचं, फिरते तो."

"अन् नाही ऐकलं त्यानं?"

"तुमचं कोण नाही ऐकन?"

निकितानं मान खाली घालून नट फिरवला. तो फिरलाही.

संध्याकाळी तो तिला बस स्टँडपर्यंत सोडायला यायचा. त्याची मित्राकडची खोली अगदी दुसऱ्या टोकाला होती, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. तिनं ते कळल्याचं दाखवलं नाही. राळेगावची गाडी लागेपर्यंत ती बाकावर बसून पुस्तक वाचून दाखवायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती माणसाला समजावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो… या वाक्याला त्यानं डोळे उघडले आणि गाडी आली का, म्हणून उगाच उठून पाहून आला. जानेवारीची थंडी होती. परत येऊन बसला तो थोडा जवळ. तीही सरकली नाही.

चौथ्या दिवशी हिरासिंग सरांनी प्रत्येक टेबलावरच्या शेगडीत एकेक खोट करून ठेवली. कुठं बर्नर चोंदलेला, कुठं नॉब अडकलेला, कुठं नळीचा जोड सैल. हॉलची दारं-खिडक्या सताड उघडी होती. आधी तपासा, मगच पेटवा, एवढं सांगून सर पहिल्या टेबलाशी उभे राहिले.

निकिता आदल्या रात्रीची घरची गंमत सांगत होती. राजदीप ऐकता ऐकता शेगडीवर वाकला. बर्नर निरखला, बोटानं पुसला, ठीक आहे म्हणाला. आणि त्यानं लायटर उचललं.

त्याच वेळी तिला वास आला. थोडासाच, पण स्पष्ट. तिनं त्याचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तिची बोटं रुतली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. घाबरून नाही. काय झालं हे न समजून.

"वास येऊन राह्यला," ती हळूच म्हणाली.

त्यानं लायटर खाली ठेवलं, शेगडीचा नॉब बंद केला. मग साबणाच्या फेसाचा ब्रश जोडावर फिरवला. बुडबुडे आले. त्याचा चेहरा उतरत गेला आणि ते पाहताना निकिताला पहिल्या दिवशीचा तो जळका चहा आठवला. तिनं अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. आता सोडलं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला होता. ताप गेला, चवही हळूहळू परतली, पण नाक गेलं ते गेलंच. तेव्हापासून प्रत्येक जोडाला तो दोनदा फेस लावायचा, एकदाही चुकला नव्हता. घरीही कोणाला सांगितलं नव्हतं. मेकॅनिकला वास येत नाही म्हटल्यावर काम कोण देणार?

"मंग आज कसे चुकले?"

"तुम्ही बोलत होत्या… फेस लावाचा राह्यला."

दुसरी कुठली वेळ असती, तर हे ऐकून ती दिवसभर हवेत चालली असती. आता तिला राग आला. "हे मले गोड लागन असं वाटलं काय तुम्हाले? तिथं एखादीचं लेकरू असतं तं?"

सरांना सांगू नका, एवढंच तो म्हणाला. ती डबा न खाताच उठली.

त्या संध्याकाळी ती एकटीच स्टँडवर गेली. तो वीसेक पावलं मागून आला, गाडी सुटेपर्यंत खांबाशी उभा राहिला आणि गेला.

पाचव्या दिवशी परीक्षेचे अर्ज आले. लिहायचं म्हटलं की राजदीपच्या कपाळावर घाम यायचा. त्यानं अर्ज मुकाट्यानं तिच्यापुढे सरकवला. तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, जन्मतारीख विचारून लिहिली. खाली एक रकाना होता – दृष्टी, श्रवण किंवा वास याबाबत काही अडचण. तिथं येऊन तिचं पेन थांबलं. दोन अक्षरांचं 'नाही' लिहिलं, की संपलं असतं. माणूसही हातचा गेला नसता. तिनं अर्ज त्याच्याकडे फिरवला आणि पेन वर ठेवलं.

"मी कोणाले सांगणार नाही," ती म्हणाली. "पण हे माझ्या हातानं लिहिणार पण नाही."

राजदीपनं अर्ज जवळ ओढला. मग पेन उचललं आणि वाकड्या अक्षरांत सावकाश लिहिलं – वास येत नाही.

हिरासिंग सरांनी त्याला आत बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर त्यानंच तिला सांगितलं. सर रागावले नव्हते. पण ज्याला वास येत नाही, त्याला दुसऱ्याच्या घरात गळती पाहायला मी पाठवणार नाही, असं म्हणाले होते. दुकानात बसून शेगड्या दुरुस्त कर, तुझ्यासारखा हात जिल्ह्यात नाही, असंही म्हणाले होते. सहाव्या दिवशी परीक्षा झाली. निकिता पास झाली. राजदीप परीक्षेला बसला नाही, पण संध्याकाळी इमारतीच्या दाराशी उभा होता.

दोघं स्टँडपर्यंत चालत गेले. तिला माफी मागावीशी वाटत होती आणि कशाची मागावी हे कळत नव्हतं. ती गाडीच्या पायरीवर चढली तेव्हा तो म्हणाला, "कोणाच्याही घरी गेली, का पहिले खिडकी उघडजो."

इतके दिवस 'तुम्ही' होतं, आज 'तू' झालं. गाडी सुटली आणि वाटेतल्या धाब्याचे दिवे मागे पडले, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

राळेगावात तिचा चांगला जम बसला. बाया मोकळेपणानं दार उघडायच्या, तपासणी झाल्यावर बळेच पोहे खाऊ घालायच्या. ती आधी खिडकी उघडायची, मग पेटी. राजदीपचा फोन मात्र आला नाही. तिनंही केला नाही. आपण त्याच्या पोटावर पाय दिला, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं, दिला तर दिला. असे तीन महिने गेले. एप्रिलात विमलताईंनी सांगितलं, की रविवारी तिला पाहायला वर्ध्याहून पाहुणे येणार आहेत. निकितानं रात्रभर विचार केला आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, वणीची गाडी धरली. तिथून मुकुटबन.

दुकान शोधावं लागलं नाही. पत्र्याच्या सावलीत आठ-दहा शेगड्या रांगेनं मांडलेल्या आणि मधे तो, कोपरापर्यंत काळा. तिला पाहून उठला, हात पुसायला फडकं शोधू लागला. ते त्याच्या खांद्यावरच होतं.

तिनं बसायच्या आधीच विचारलं, "राग आलता काय माझा?"

"आलता. आठ दिवस." त्यानं स्टूल पुढे केलं. "मंग झोप लागाले लागली. पाच वर्सं रात्री पडलो का वाटे, आज त्या घरचा जोड नीट पाह्यला का नाही… आता नाही वाटत."

"फोन काहून नाही केला मंग?"

"परवाना नाही, पुरतं नाक नाही. कोणत्या तोंडानं करू?"

एक म्हातारी शेगडी न्यायला आली. त्यानं ती पेटीत बांधून दिली, रिक्षात ठेवून दिली. तेवढा वेळ निकितानं त्याचे हात पाहिले आणि तिचं ठरलं.

"रविवारी पाहुणे येणार होते मले पाहाले," ती म्हणाली. "मी आईले नाही म्हणून सांगतलं."

"काहून?"

"तुम्ही शनिवारी येऊन जा घरी."

"कायले? शेगडी बिघडली काय?"

"शेगडी चांगली हाय," निकिता म्हणाली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. यावेळी मान त्यानं खाली घातली. कानापर्यंत लाल झालेला पुरुष तिनं पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. विमलताईंना लेकीनं एवढंच सांगितलं होतं, की प्रशिक्षणातला ओळखीचा माणूस येणार आहे. त्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि अवजारं कुठं आहेत, म्हणून विचारलं.

"कामासाठी नाही आलो, काकू. निकितासाठी आलो."

आत पाण्याचा पेला भरता भरता निकिताचा हात थांबला. बाहेरून आईचा आवाज आला, बसा. खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र आला नाही.

"बसाच्या पहिले एक सांगतो," राजदीप म्हणत होता. "मंग तुम्ही म्हणसान तं बसतो. मले वास येत नाही, काकू. काहीच नाही. म्हणून मले परवाना नाही भेटला. दुकान हाय, त्यात भागते. पण हे मागून कळाले नको."

निकिता पाणी घेऊन दाराशी आली. विमलताई त्याच्याकडे निरखून पाहत होत्या. मग त्यांनी पदरानं खुर्ची पुसली, ती त्याच्याकडे सरकवली आणि लेकीला म्हणाल्या, "नुसत्या पाण्यावर काय ठेवते? पाहुण्यासाठी पोळ्या लाटाले घे."