थुटकांच्या डब्यातलं कलम

सूतभरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण तीस वर्षं आखणीच्या टेबलाशी बसून 'सूतभर डावीकडे घ्या', 'सूतभर जास्त झालं' याखेरीज ज्यांनी फारसं तोंड उघडलं नाही, त्यांना लोक दुसरं काय म्हणणार? आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि काकांना ते मनातून आवडलं.

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची आखणीची खोली होती. खिडक्या मोठ्या, उजेड सगळीकडे सारखा, आणि टेबलांवर कागदाऐवजी पत्रे. कागद हा भरवशाचा प्राणी नाही असं काकांचं ठाम मत होतं. हवा दमट झाली की तो फुगतो, कोरडी झाली की आक्रसतो, आणि वर साळसूदपणे पडून राहतो. म्हणून जे काम चुकून चालणारच नाही, ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पांढरा रंग देऊन त्यावर खऱ्या मापात आखायचं. आखायचं ते धातूच्या कलमाने. पेन्सिलीत शिसं असावं तशी यात मिश्रधातूची बारीक कांडी असे. चांदी, तांबं आणि आणखी कशाकशाची. केसासारखी करडी रेघ उमटे आणि ती काही केल्या पुसली जात नसे. रेघ चुकली तर अख्खा पत्रा पुन्हा रंगवायला खाली जाई, दोन दिवस वाया जात, आणि तपासनीस बाई एक अक्षर बोलत नसत. त्यांचं न बोलणं फार लागायचं.

या खोलीची एक रीत होती. कांडी झिजून नखाएवढी उरली की ती फेकायची नाही. खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण काका येण्याआधीही डबा अर्धा भरलेला होता. या टेबलांशी बसून गेलेल्या सगळ्या आखणीकारांची थुटकं त्यात होती.

गेले तीन महिने काकांचा उजवा हात थरथरत होता.

फार नाही. सकाळी कप उचलला की बशीवर किणकिण वाजे, एवढंच. बायको तेवढ्यापुरती नेमकी ओट्याकडे वळे आणि पातेल्यांचा आवाज करी. तिला काही कळलेलं नाही असं काका समजत. कचेरीत ते मनगटाखाली लाकडी ठोकळा ठेवत, श्वास रोखून रेघ ओढत, आणि संध्याकाळी दिवसभर पोती उचलल्यासारखे थकून घरी जात. त्यातच एके दिवशी मालकीणबाई टेबलाशी आल्या.

"काका, महिनाअखेरीस मोठा पत्रा आहे. सहा फुटी. तो तुम्हीच करायचा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "हात ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहे," काका म्हणाले आणि तो ठणठणीत हात त्यांनी खिशात घातला.

हात गेला की माणूस खाली जातो हे काकांना माहीत होतं. खाली म्हणजे तळमजल्यावर, नकाशांच्या कपाटांशी. तिथे खुर्ची मऊ असते आणि दिवसभर कुणी काही विचारत नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना वाटे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात कांड्या संपल्या. पुरवठा करणाऱ्याने धंदाच गुंडाळला होता. सगळे हवालदिल झाले, पण कारखान्याचा फिटर म्हणजे हिकमती माणूस. तो वर आला, खिडकीतला डबा हलवून पाहिला आणि म्हणाला, "एवढं घबाड घरात असताना रडताय कशाला?" डबा घेऊन तो गेला आणि तिसऱ्या दिवशी नवी कांडी घालून कलम घेऊन आला.

"सगळी थुटकं एकाच मुशीत. जरा जड झालंय, पण चालतं लोण्यासारखं."

काकांनी कलम हातात घेतलं, पट्टी लावली आणि पहिली रेघ ओढली. हात हलला नाही. त्यांनी मनगटाखालचा ठोकळा काढला आणि दुसरी ओढली. तरी हलला नाही. दुपारी कँटीनमध्ये त्यांनी मुद्दाम काठोकाठ भरलेला कप उचलला, आणि थेंब सांडला नाही. त्या दिवशी काका घरी जाताना शीळ वाजवत गेले. हे अख्ख्या रस्त्याने पाहिलं, कारण त्यांना शीळ वाजवता येत नसे.

चौथ्या दिवशी रेघ तुटली.

जागेवर बसवलेल्या एका पंपाच्या तोंडाची कड आखत होते. डावीकडून उजवीकडे सरळ, अखंड. मध्येच एका टप्प्यावर ती तुटक उमटली आणि पुढे पुन्हा अखंड झाली. काकांनी कलम उचललं. पत्रा झाकून ठेवावा असं त्यांच्या मनात येतंय तोवर तपासनीस बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काका, ही अखंड हवी होती."

"अखंडच ओढली हो."

आखणीत तुटक रेघेला एकच अर्थ असतो. कड तिथे आहे, पण बघणाऱ्याला ती दिसत नाही, कारण मध्ये काहीतरी आलेलं आहे. या पंपाच्या मध्ये काहीच येत नव्हतं. बाईंनी भिंग काढलं, वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर फट," त्या म्हणाल्या. "पुन्हा तीन, एक. शेवटपर्यंत तस्संच. थरथरणाऱ्या हाताला एवढी शिस्त नसते, काका."

म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं तर! काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो उचलला. फिटर त्या पंपाच्या जागेवर गेला होता. "मालकीणबाईंना सांगा," तो ओरडत होता, "वीजवाल्यांनी पंपाच्या तोंडासमोर विचारल्याशिवाय एक पेटी ठोकून ठेवलीय. एकशे साठ मिलिमीटर रुंद."

बाईंनी पट्टी लावली. तुटक रेघ एकशे साठ भरली.

काकांना एवढंच कळलं की हात शाबूत आहे. काय वाट्टेल ते होवो, दोष हाताचा नाही. डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बाईंनी समजुतीने फोनवरच्या फिटरला उगाच झापायला सुरुवात केली.

पुढचे आठ दिवस त्या खोलीत जत्रा भरली होती. काकांनी भिंतीकडे तोंड करून कपाट आखायचं आणि मागे बाईंनी गुपचूप कपाटासमोर बादली ठेवायची. बादलीएवढी रेघ तुटक! छत्री ठेवली तर छत्रीएवढी. फिटरने स्वतः कलम घेऊन पाहिलं. त्याची रेघ आली वेडीवाकडीच, पण बरोब्बर जागी तुटली. मालकीणबाई एरवी हिशेबी, पण त्यांनीही दार बंद करून एकदा खेळून घेतलं.

"यामागे काहीतरी शास्त्र असणार," त्या म्हणाल्या.

"असणारच," काका म्हणाले. कलम आपल्या हाती आहे तोवर शास्त्र कुठे का असेना, त्यांची काही हरकत नव्हती.

मोठ्या पत्र्यासाठी टेबलं हलवावी लागणार होती. म्हणून काकांनी खोलीचाच एक नकाशा काढायला घेतला, दारातून पाहिलं तर खोली कशी दिसेल तसा. खिडक्या अखंड आल्या. बाईंचं टेबल अखंड आलं. मग काकांचं स्वतःचं स्टूल आलं, आणि त्याचा उजवा पाय तुटक उमटला. टेबलाची आणि मागच्या कपाटाची उजवी कडही तुटक उमटली. अगदी वरपर्यंत, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्याही वर.

सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. दार आणि स्टुलाच्या मध्ये मोकळी फरशी होती. तिच्यावर ऊन पडलं होतं.

"काका, तुमच्या शेजारी कुणीतरी उभं आहे," फिटर म्हणाला. "निदान बसा तरी म्हणा."

हशा पिकला. काकाही हसले आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाले, "बसा हो!" बाई मात्र हसल्या नाहीत. दुपारी त्यांनी आपलं टेबल खिडकीकडे हातभर सरकवलं. विचारलं तेव्हा उजेडाचं कारण सांगितलं.

मोठा पत्रा चार दिवसांत झाला. सहा फूट लांब, साडेतीनशे रेघा, आणि चूक एकही नाही. बाईंनी भिंग घेऊन अख्खा दिवस तपासला आणि कोपऱ्यात सही केली. मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा हात आहे तोवर हे टेबल तुमचं." काकांना घरी कधी पोचतो असं झालं. बायकोला ते वाक्य जसंच्या तसं सांगायचं होतं.

सांगितलं. तीनदा सांगितलं. रविवारी सकाळी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं हो! आता त्या हाताची पूजाच बांधायची राहिलीय. ते तुमचं कलम आणलंय ना? द्या इकडे. हाताचाच नकाशा काढते आणि चौकटीत घालून लावते भिंतीवर."

"तुला सरळ रेघ ओढता येत नाही."

"हात कुठे सरळ असतो?"

काकांनी कलम काढून तिच्या हाती दिलं. पिशवीत पांढऱ्या पत्र्याचा एक उरलेला तुकडा होता. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर उजवा पंजा पसरला. खिडकीतून ऊन येत होतं. बायकोने चष्मा नाकावर ओढला, जीभ दातांत धरली आणि मनगटापासून सुरुवात केली.

"हलू नका."

"हलत नाहीये."

अंगठा झाला. तर्जनी झाली. ती मधल्या बोटापाशी थांबली.

"काय हो, कलम बिघडलंय का तुमचं? मी सलग ओढतेय आणि हे तुटक तुटक येतंय."

काकांनी खाली पाहिलं. तीन मिलिमीटर रेघ, एक फट. तीन, एक.

"पूर्ण कर," ते म्हणाले.

तिने पूर्ण केलं. करंगळीवरून खाली मनगटापर्यंत. कुठेही अखंड नाही.

हा नकाशा वरून पाहिलेला होता. बघणारा वर, हात खाली. मध्ये काय होतं? काकांनी आपल्या पंजाकडे डोळे फाडून पाहिलं. शिरा दिसत होत्या, नखं दिसत होती, अंगठ्यावरचा जुना व्रण दिसत होता. त्यावर ऊन होतं. बाकी काही नव्हतं.

पण ऊन असूनही हात गार होता.

त्यांनी तो झटकन ओढून घेतला. ओढताना किंचित जोर लावावा लागला.

हात थरथरायला लागला.

पूर्वीसारखा नाही. कोपरापासून, जोरात. टेबलाच्या कडेवर बोटं ताडताड वाजायला लागली, आणि या खेपेला बायकोला ओट्याकडे वळता आलं नाही. कलम तिच्या हातातून गळून पडलं.

"अहो," ती म्हणाली. "मला वाटलं, थांबलंय. मला वाटलं, बरं झालंय आता."

"बरंच आहे," काका म्हणाले.

त्यांना सहा फुटी पत्रा आठवला. तळमजल्यावरची मऊ खुर्ची डोळ्यांपुढे आली. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं आणि तो हात हळूहळू पुन्हा पत्र्यावर आणला. अंगठा अंगठ्याच्या जागी, तर्जनी तर्जनीच्या जागी ठेवली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग थरथर थांबली, आधी करंगळीची, मग तिच्या शेजारच्या बोटाची, आणि मग एकेक करत सगळ्यांची.

"बघ," काका बायकोला म्हणाले आणि हसलेसुद्धा. "काही नाही."

तीही हसली, डोळे पुसत. तिचं लक्ष नाही असं पाहून काकांनी पत्र्यावरची बोटं जरा फाकवली. वर ठेवलेल्या त्या बोटांना नीट जागा मिळावी म्हणून.