कोंडाबाईच्या ओट्यावरची रेंज

घोडेगावहून वर येणारी एसटी जिथं वळून माघारी फिरते, त्या वाडीत मोबाईलला रेंज मिळायची ती एकाच जागी, कोंडाबाईच्या ओट्यावर. त्यामुळं कुणाचा जावई रुसला, कुणाची म्हैस व्याली, हे कोंडाबाईला घरबसल्या कळायचं. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

शेजारच्या प्रतिभाचा फोन तर दिवसभर तिच्याच कोनाड्यात असे. पोरीची पुण्यातली नोकरी, घरात वायरचं इंटरनेट. कचेरीच्या कामात शिरायला व्हीपीएन नावाचं कुलूप होतं. ती घरात लॅपटॉपवर नाव घाली, की इकडं यंत्राचा फोन वाजे, ‘तुम्हीच असाल तर एक दाबा.’ एक दाबायचं काम कोंडाबाईकडं. प्रतिभाचे वडील भिमाजीतात्या अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करायला दुसरं कुणी नाही. कचेरीनं बजावलं होतं, आता एकदा जरी कामात खंड पडला तर पुण्यात येऊन बसावं लागेल.

श्रावणातली दुपार होती. धुकं ओट्याच्या पायरीपर्यंत आलेलं. ओल्या गवताचा आंबूस वास सुटला होता. कोंडाबाई कुर्डूची भाजी निवडत असताना फोन वाजला. यंत्र नेहमीचं बोललं. यंत्राच्या आवाजामागं कुणीतरी हळू श्वास घेत होतं. तिनं एक दाबला आणि पुन्हा भाजीत हात घातला.

थोड्या वेळानं प्रतिभा लॅपटॉप काखेत मारून धुक्यातून आली.

“काकू, फोन आला नाही का? आत शिरता येईना.”

“मगाशीच आला की. दाबला म्या.”

“मगाशी? मी तर तात्यांना जेवू घालत होते. लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता.”

“मंग माझ्या म्हशीनं उघडला आसंल,” कोंडाबाई म्हणाली. पोरगी हसली नाही.

तिनं कचेरीतल्या राकेशला फोन लावला. हा असल्या अडचणी सोडवणारा मुलगा. कोंडाबाईनं स्पीकर लावायला लावला; नुसतं तोंडाकडं बघत बसणं तिला जमत नसे.

“मॅडम, तुमच्या नावानं एक कनेक्शन आधीच चालू आहे. म्हणून दुसरं घेत नाही. तोडतो.” बटणांची टकटक ऐकू आली. “तुटलं… परत जोडलं गेलं.”

“पासवर्ड बदला.”

“बदलला. तरी आत आहे.” बटणं पुन्हा वाजली. “मॅडम, तुमच्याच घरच्या लाईनवरनं आलंय हे. तुमच्याच लॅपटॉपवरनं.”

“लॅपटॉप माझ्या काखेत आहे, राकेश. बंद आहे.”

राकेशचा आवाज अगदी खाली आला.

“साहेबांची मीटिंग चालू आहे… तुम्ही त्यात बोलताय. कॅमेऱ्यात दिसताय… मागं खाट आहे, खाटेवर म्हातारं माणूस…”

“ती मी नाही.”

“आवाज तुमचाच आहे. मग तुम्ही कोण बोलताय?”

“मी प्रतिभा…”

“साहेब म्हणतायत, त्या आतमध्ये बसल्यात. बाहेरून बोलतंय त्याला बंद करा. सॉरी… मला बंद करावं लागेल.”

फोन कटला. पुन्हा लावला, तर हा नंबर कचेरीला ठाऊक नाही म्हणून यंत्रानं सांगितलं.

“चल, आदी घरी चल,” कोंडाबाई म्हणाली. तिनं पोरीचा हात घट्ट धरला.

प्रतिभा दार उघडं टाकून आली होती. ते लागलेलं होतं. तिनं ढकललं. आतून कडी.

“तात्या,” तिनं हाक मारली. “तात्या, मी आलेय. बाहेर आहे.”

आत पातेल्यात चमचा वाजला. मग भिमाजीतात्यांचा जड, तृप्त आवाज आला, कुणाशी तरी लाडानं बोलावं तसा.

“आज लवकर मोकळी झालीस गं. बस हितंच… पर तुजं हात किती गार पडल्यात.”