बारावी जोडी

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं म्हणतात, मला माहीत आहे. रोज कोणीतरी शपथ घेतं आणि मग रिकामी खुर्ची हलते, कुत्रं रडतं, वळणावर पांढऱ्या कपड्यातली बाई लिफ्ट मागते. लोकही वाचतात आणि खाली लिहितात, 'अंगावर काटा आला'. काटा यायला काय लागतं? पंखा वाढवला तरी येतो.

माझ्या गोष्टीत बाई नाही. कुत्रं नाही. रात्रसुद्धा नाही.

रविवारची दुपार होती. खिडक्या उघड्या होत्या. जागा म्हणाल तर मामाच्या घरातली पुढची खोली, पहिला मजला, खाली लॉन्ड्री. ज्यांना अंधारच हवा असेल त्यांनी दिवा घालवून वाचावं.

मी वाद्यं दुरुस्त करते आणि पियानो जुळवते. हे काम मला मामाने शिकवलं. मामाचा कान तिखट होता आणि जीभ त्याहून तिखट. त्या घराण्यातल्या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आल्या, असं मामी म्हणते. ती कौतुकानेच म्हणते असं मी धरून चालते.

मामा गेल्या वर्षी गेला. जाताना घरातल्या पियानोबद्दल एकच गोष्ट सांगून गेला. माझ्यामागे भाचीनेच जुळवायचा, आणि मी जुळवतो तसाच.

आता त्या घरात मामी, माझी मामेबहीण, तिचा नवरा आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी राहतात. मुलीला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत गुणगुणते. कान मामाचा. जीभ अजून तरी नाही.

तिच्या बापाला मी दीडशहाणा म्हणते. तोंडावर नाही, पण त्याला माहीत आहे.

माझी वाट बघणं आणि माझी बोलणी खाणं या दोन्हींचा त्याला कंटाळा आला असावा. पियानो आपणच जुळवायचा असं त्याने ठरवलं. त्यासाठी ट्यूनर घ्यायचा होता. ट्यूनर म्हणजे सूर बरोबर लागलाय की नाही ते दाखवणारं यंत्र. साबण घेताना लोक जेवढा विचार करत नाहीत तेवढा त्याने केला आणि शेवटी मलाच फोन केला.

"ताई, चिमट्याचा घेऊ की माईकचा?"

"चिमट्याचा गिटारला. पियानोला चिमटा कुठे लावणार, झाकणाला?"

"आणि अचूकता? एकावर शंभरातला एक भाग लिहिलंय. दुसऱ्यावर त्याचाही दहावा."

"दुसरा घ्या. घरात निदान यंत्र तरी हुशार असू दे."

शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग करतात, त्यातला हा भाग. स्वस्तातला ट्यूनर चार भाग इकडेतिकडे झाले तरी हिरवा दिवा लावतो. पेपर न वाचता पास करणारे मास्तर असतात तसा. चांगल्या ट्यूनरच्या पडद्यावर रेघा फिरतात. सूर चढला तर उजवीकडे सरकतात, उतरला तर डावीकडे. तंतोतंत लागला की थांबतात.

या रेघा लक्षात ठेवा.

"ताई, यंत्र आलं. यात टेम्परामेंटचे वीस-पंचवीस पर्याय आहेत. कुठला निवडू?"

"काही निवडू नका. हात लावू नका. मी येते."

त्याने निवडला. यादीत सगळ्यात वर होता म्हणून.

आता हे टेम्परामेंट काय ते ऐका. कंटाळा आला तरी ऐका. पियानोवर सूर बारा. एका सुरापासून निघा, त्याच्याशी स्वच्छ जुळणारा सूर लावा, आपल्या सा-प सारखी जोडी. तिथून पुढची जोडी. मग पुढची. अशा बारा उड्या मारल्या की निघालो त्याच सुरावर परत यायला हवं.

येत नाही.

चोवीस भाग पुढे जातो. कोणाची चूक नाही, सुरांचं गणितच तसं आहे. हे चोवीस भाग म्हणजे घरातला केर, आणि या घराला केर बाहेर टाकायला दार नाही. मग तो ठेवायचा कुठे, एवढाच प्रश्न उरतो. त्याच्या उत्तराला टेम्परामेंट म्हणतात. काही जुने लोक सगळा केर एका कोपऱ्यात लोटायचे. अकरा जोड्या लख्ख, बारावी सडलेली. ती वाजवायचीच नाही. चुकून वाजली तर घुमते, आजारी माणूस कण्हावा तशी. हल्लीचे लोक तोच केर बारा खोल्यांमध्ये सारखा पसरतात. प्रत्येकीत दोन भाग. पायाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. जग असंच वाजतं आणि खूश असतं.

मामा सगळं एका कोपऱ्यात लोटायचा. मला तो त्याचा हट्ट वाटायचा.

दीडशहाण्याने व्हिडिओ बघून, घाम गाळून सगळं सारखं पसरलं. आणि बरं पसरलं, हे मला कबूल करायला आवडत नाही. यंत्र खरंच हुशार होतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मामेबहिणीचा फोन आला.

"चिमणी गात नाहीये."

"बरं झालं. तुमच्या डोक्याला आराम."

"चेष्टा नको गं. गात नाही, बोलतही नाही. नुसती मान हलवते. डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले, ठणठणीत आहे."

तिचा आवाज ऐकून मी चेष्टा सोडली. रविवारी गेले.

चिमणी खिडकीत बसली होती. दोन्ही तळवे कानांवर. मी शेजारी बसले. एकही टोमणा मारला नाही, जे मला जमत नाही. मग ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली.

"मावशी, सगळ्यांचा आवाज उतरलाय."

"म्हणजे?"

"आईचा. बाबांचा. बेलचा. थोडासाच. मी बोलले की माझापण उतरतो. मग मला नको वाटतं."

"आणि माझा?"

तिने एक तळवा कानावरून काढला.

"तू आत्ता आलीस. तुझा अजून बरोबर आहे."

अजून...

मी हसले. लहान मुलांचे लाड केले की ती असलं काहीतरी काढतात. तिची खोड मोडायची म्हणून मी पिशवीतून नादकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो, दोन बोटांचा, पोलादी. पोलादाला मूड नसतो. शंभर वर्षं आपटला तरी तोच सूर देतो.

दीडशहाण्याचा ट्यूनर पियानोवर ठेवला. काटा गुडघ्यावर आपटला.

रेघा थांबल्या नाहीत.

सावकाश डावीकडे सरकत राहिल्या...

दोन भाग उतरलेला.

"यंत्रपण दीडशहाणंच निघालं," मी म्हणाले. माझा स्वतःचा ट्यूनर काढला. पुन्हा काटा आपटला.

डावीकडे. दोन भाग.

मी दोन्ही ट्यूनर आणि काटा घेऊन जिना उतरले. लॉन्ड्रीच्या दाराशी उभी राहिले. लॉन्ड्रीवाला माझ्याकडे बघत होता, बघू दे. काटा आपटला.

रेघा गप्प उभ्या. दोन्ही पडद्यांवर.

वर आले.

डावीकडे...

मी ट्यूनर पियानोवर तसाच ठेवला आणि स्टुलावर बसले. खाली लॉन्ड्रीची यंत्रं जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली. घरात कोणी बोलत नव्हतं. शांतता असली की ट्यूनरचा पडदा कोरा राहतो.

पडदा कोरा राहिला नाही.

एका सुराचं नाव उमटलं. खाली रेघा, डावीकडे सरकणाऱ्या. मग दुसऱ्या सुराचं नाव. मग तिसरं. थोडं थांबून परत पहिलं.

खोलीत काहीही वाजत नव्हतं...

माझा विश्वास माझ्या कानावर आहे, त्यामुळे मी चिडले. पडद्यावर जे येईल ते मी मोठ्याने म्हणत गेले, नुसतं आ-आ करून. साधीच चाल होती. जरा रडकी.

मागे मामी उभी होती. तिने भिंतीला हात टेकला.

"हे तू कुठे ऐकलंस?"

"कुठेच नाही. इथे उमटतंय."

"हे धाकट्याचं आहे."

धाकटा म्हणजे मामाचा धाकटा भाऊ. मी पाळण्यात असताना गेला. त्याच्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मामी खाली बसली आणि जमिनीकडे बघत सांगायला लागली.

"त्याला गायची फार हौस. जीव ओतून गायचा. पण सूर नेहमी जरासा उतरलेला. आम्हाला कळायचंही नाही. तुझ्या मामाला कळायचं. तू गायलास की माझी दाढ ठणकते, म्हणायचा. एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं. हा गात होता. तुझ्या मामाने पियानोचं झाकण धाडकन लावलं. सगळे हसले."

"मग?"

"मग त्याने गाणं सोडलं. मग बोलणं सोडलं. एका दुपारी आम्ही या खोलीत आलो तर तू बसलीयस तिथेच बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय."

मी स्टुलावरून उठले.

"त्यानंतर घरात सगळंच उतरलेलं वाजायला लागलं. आपल्याला काय कळतंय, पण तुझा मामा वेडा व्हायचा राहिला होता. शेवटी त्याने पियानो असा लावला. सगळं त्या एका जोडीत ढकललं. म्हणाला, आता या दोन पट्ट्या कोणी एकत्र दाबायच्या नाहीत. घर शांत झालं."

"मामाने त्याची माफी मागितली होती? कधीतरी?"

मामीने माझ्याकडे बघितलं.

"तुझा मामा? आणि माफी?"

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

हसले असते.

खिडकीत चिमणी तळव्यांनी कान दाबून बसली होती. तिने आपले ओठ आत घेतले होते, चुकून शब्द बाहेर पडू नये म्हणून. गाणं सोडलं. मग बोलणं सोडलं. यापुढे काय असतं ते मामीने आत्ताच सांगितलं होतं.

मी पियानो जुळवायची चावी काढली.

ट्यूनर बंद केला. मामासारखं जुळवायचं तर कानानेच. एक जोडी स्वच्छ झाली. दुसरी झाली. दीडशहाणा दारात येऊन उभा राहिला, पाणी हवंय का विचारून गेला. पहिल्यांदा त्याने कामाचं काही विचारलं. खाली लॉन्ड्री पुन्हा सुरू झाली. ऊन खिडकीतून निघून समोरच्या भिंतीवर गेलं. अकरावी जोडी लागली तेव्हा माझे खांदे भरून आले होते.

केर सगळा कोपऱ्यात.

आता बारावी जोडी. ती जुळवायची नसते. अकरा जुळवल्या की ती आपोआप सडते. सडलीय ना, एवढंच बघायचं होतं.

मी दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या.

घुमली नाही.

कण्हली नाही.

स्वच्छ वाजली...

मी पुन्हा दाबल्या. ट्यूनर लावला. रेघा जागच्या जागी उभ्या.

हे होऊ शकत नाही. तुम्हाला यात भीतीदायक काही दिसत नसेल तर तो माझा दोष नाही. बाराही जोड्या स्वच्छ लागलेला पियानो जगात नाही. असूच शकत नाही. चोवीस भाग कुठेतरी असावेच लागतात.

या पियानोत ते नव्हते.

आणि मागून आवाज आला. चिमणी गात होती. आधी हळू, मग नेहमीसारखी, घर डोक्यावर घेऊन. मामेबहीण धावत आली आणि तिला घट्ट धरून बसली. दीडशहाणा रडत होता, आणि लपवतही नव्हता.

"ताई, मी बिनडोक आहे हो."

"हे आज कळलं तुम्हाला?" मी म्हणाले.

चिमणी गाता गाता थांबली.

माझ्याकडे बघत राहिली. आईच्या कुशीत थोडी मागे सरकली.

"मावशी, तुझा आवाज का उतरलाय?"

"किती?" मी विचारलं.

तिने कानांवर हात ठेवले.

"खूप."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी नादकाटा आपटला. रेघा डावीकडे धावल्या. मोजलं. चोवीस भाग. शेजारच्या घड्याळवाल्याला बोलावलं, म्हटलं, जरा तू आपट. त्याने आपटला. रेघा थांबल्या. मी आपटला. धावल्या. तोच काटा, तेच टेबल. त्याला काही कळलं नाही. त्याला तसंही काही कळत नाही.

चिमणी छान गाते. मामेबहीण रेकॉर्ड करून पाठवते. मी त्या घरी गेलेली नाही. फोन उचलत नाही, मेसेज करते. गिऱ्हाइकांशीही कामापुरतं बोलते. त्यांना वाटतं, बाई सुधारल्या.

हे लिहून सांगितलं ते त्यामुळेच.

आता काल दुपारचं. दुकानात मी एकटी होते. तोंड मिटलेलं. टेबलावर ट्यूनर चालू राहिला होता. पडद्यावर सुराचं नाव उमटलं... मग दुसरं... रेघा डावीकडे. तीच चाल, धाकट्याची, रडकी.

माझी दाढ ठणकायला लागली.

मामाने झाकण लावलं तसं यंत्र बंद करावं, असं फार वाटलं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण मी हात मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत बघत बसले. संपलं. पडदा कोरा झाला. मी चांगलं म्हणाले नाही, वाईटही म्हणाले नाही.

थोडा वेळ गेला.

मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

त्याला बहुतेक वाटलं, मला आवडलं.