ब्रेक न दाबता

ताईचा डावा गुडघा अधू. क्लच दाबणं तिला जमत नाही, म्हणून तिने ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. उद्या तिला गावाबाहेरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. तिथवर बस जात नाही, आणि गाडी तिसऱ्यांदा गॅरेजात येऊन पडली होती.

तक्रार साधी होती. गिअरचा दांडा ‘पी’वर असला, म्हणजे गाडी जागेवर जखडलेली असली, की ब्रेक दाबल्याशिवाय तो हलता कामा नये. आमचा हलत होता. तेल लावल्यासारखा.

मेकॅनिकने आधी दोनदा सगळं उघडून पाहिलं होतं. त्याच्या मते दांड्याचं कुलूप ठणठणीत होतं, भ्रम आमचा. आजही त्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली, दांडा ओढला. ढिम्म. मग मी आत बसून ओढला. सरळ खाली आला. तुमचा पाय ब्रेकवर असणार, तो म्हणाला. मी सीटवर मांडी घालून बसले. तरी आला. स्वतः रडावं की त्याला बडवावं, मला कळेना.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं तरी मी प्रयोगशाळेत शिकले आहे. मी उतरले आणि त्याच्यासारखा बाहेरून दांडा ओढला. ढिम्म. चावी तीच, बॅटरी तीच, हात माझाच. फरक फक्त सीटवर कुणी असण्याचा.

“तुम्ही एकदा आत बसून बघा ना,” मी म्हटलं.

तो फडक्याला हात पुसत राहिला. “मी त्यात बसत नाही.”

का, ते काही केल्या सांगेना.

ताई बाकावरून उठली. तुमचा शास्त्रार्थ संपेपर्यंत माझी नोकरी जाईल, असं पुटपुटत लंगडत आली आणि स्वतःच बसली. दांडा खाली आल्याचा आवाज झाला. मी गाडीच्या मागे उभी होते. मागचे लाल दिवे लागलेले होते.

“ताई, ब्रेक सोड.”

“मी कुठे दाबलाय?”

मी पुढे येऊन उघड्या दारातून वाकले. तिचे दोन्ही पाय चटईवर होते, चपलांसकट, पेडलपासून वीतभर लांब.

पेडल पूर्ण खाली गेलेलं होतं.

त्याच्या झिजलेल्या रबरावर पाच खळगे पडले होते. अंगठ्याचा सर्वांत खोल. मी बघत असतानाच ते जरासे पसरले, कुणी पाय नीट रोवावा तसे.

मेकॅनिक तोवर रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता.

“उतर,” मी म्हटलं.

“आता काय झालं?”

“उतर म्हणते ना. नको आपल्याला ही गाडी.”

ताईने वैतागून उसासा टाकला. उजवा पाय बाहेर टेकवला. डावा निघेना.

“अगं, सोड ना,” ती म्हणाली. “गुडघा दुखतो माझा. किती घट्ट धरलायस.”

माझे दोन्ही हात दारावर होते.