बरणीतलं गुलाबी पाणी

पाल एका स्टीलच्या ताटलीत काढून ठेवली होती आणि निरंजनराव नाकाला रुमाल लावून तिच्यापासून शक्य तितके लांब उभे होते.

वाळून कडक झालेली पाल. शेपटी काडीसारखी ताठ. शेजारी काचेची मोठी बरणी, त्यात मिठाच्या पाण्यात आंबवलेला कोबी. वास असा, की रायपूरच्या त्या कॉलेजातल्या चहाच्या खोलीत पुन्हा कुणी चहा पिईल असं निरंजनरावांना वाटेना.

"वहिनी, मले मळमळून राहिलं," ते म्हणाले. "हे जर्मन लोक खातात तरी काहून असं?"

"लोणचं आहे ते, भाऊजी. आपणही कैरी सडवतोच की." गंधाली वैद्य बरणीभोवती फिरत होत्या. चौबे कॉलोनीतल्या घरातून त्या खासगी तपासाचं काम करायच्या. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे दीर निरंजनराव त्यांच्या सोबत फिरायचे, आणि सगळं त्यांना अंमळ उशिराच कळायचं.

आजचं काम निरंजनरावांनीच आणलं होतं. रेल्वेतले त्यांचे जुने सहकारी मेश्राम यांची मुलगी भावना इथं बी.ए.ला जर्मन शिकत होती. मध्यम पातळीच्या वर्गात ती पहिली. एक सत्र जर्मनीत शिकण्याची एकच जागा होती, आणि ती तिला मिळाल्यात जमा होती. आज सकाळी तोंडी परीक्षेत ही पाल निघाली. आता उद्या सकाळी तिच्याऐवजी दुसऱ्याचं नाव जाणार होतं.

भावना दाराशी उभी होती. डोळे सुजलेले, मनगटात फक्त घड्याळ.

"परीक्षा जोडीनं असते," ती सांगू लागली. "एकानं जर्मन पदार्थ करायचा, कसा केला ते जर्मनमध्ये सांगायचं. जोडीदारानं परीक्षकांसमोर तो आधी चाखायचा आणि चवीचं वर्णन करायचं. मी हा कोबी घातला. सकाळी सरांसमोर कोबी दाबून ठेवणारी बशी आणि तिच्यावरचा दगड काढून मी स्वतः घास खाल्ला होता, काका. पाणी पांढुरकं होतं. पाल-बील काही नव्हती."

"मग?"

"मग तासाभरानं सरांनी चिमट्यानं दगड उचलला, बशी उचलली, आणि खाली ही. पाणी सगळं गुलाबी, रक्तासारखं. परीक्षक म्हणून आलेल्या जर्मन बाई तोंड दाबून बाहेर पळाल्या."

"जोडीदार कोण तुझी?"

"यामिनी. माझी मैत्रीण. सरांनी मग तिला दुसरा विषय दिला बोलायला. ती पास झाली." भावना थोडं हसली. "चांगलं झालं. तिनं खूप मेहनत घेतली होती. आम्ही रोज दुपारी सोबत उजळणी करतो. आई माझ्या डब्यात तिच्यासाठीही देते. ती जिन्यावर बसून शब्द पाठ करत खाते आणि डबा परत देताना म्हणते, 'झेअर गूट.' म्हणजे फार छान."

गंधालीबाईंनी मान हलवली. "भाऊजी, दगड अन् बशी पुन्हा होती तशी ठेवा पाहू. आता काढा."

"मी?"

"घड्याळ काढून ठेवा आधी."

निरंजनरावांनी डोळे मिटून हात घातला. बरणी खोल होती. बशीच्या काठाला बोटं लागेपर्यंत पाणी मनगटाच्या वर चढलं. हात बाहेर काढून त्यांनी तो साबणानं तीनदा धुतला आणि तरी हुंगून पाहिला.

मधल्या तासात चहाच्या खोलीत तिघं आले होते. पहिला हिरालाल, विभागाचा शिपाई.

"मैं तो पहले दिन से बोल रहा हूँ, फेंको इसको," तो म्हणाला. "पर छिपकली मैंने नहीं डाली, दीदी. वो तो अलमारी के पीछे मरी पड़ी थी, बहुत दिन से. कौन छुए?" त्यानं मोकळे, उघडे हात जोडले.

"झाडत नाहीस का रे खोली?" निरंजनराव ओरडले. हिरालालनं ते ऐकलंच नाही.

"बाहेर जिन्यापाशी कुत्रा झोपला आहे," गंधालीबाई म्हणाल्या. "चांगला लठ्ठ आहे. त्याला कोण घालतं?"

"क्या पता, दीदी. रोज दोपहर को पेट भरके सोता है."

दुसरा अभिनव. वर्गात दुसरा, म्हणजे भावनाची जागा त्यालाच मिळणार. निरंजनरावांनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्याही. अभिनवच्या मनगटात देवाच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे होते, पण घामानं, मळानं काळे पडलेले. मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये.

"मैंने सबके सामने बोला था, मैं नहीं खाऊँगा," तो तडकून म्हणाला. "सड़ा हुआ बास मारता है. और मुझे खाना भी कहाँ था? मेरी जोड़ी अलग है. मैं तो कटोरियाँ लेने आया था, बस."

"उद्धट पोट्टा," तो गेल्यावर निरंजनराव म्हणाले. "हाच आहे, वहिनी."

तिसरी यामिनी. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली, गोड बोलणारी. आल्या आल्या तिनं दोघांच्या हातावर शिरा ठेवला.

"प्रसाद घ्या ना. सकाळी घरी सत्यनारायण होता. पंडितजींनी धागा बांधला आणि मी तशीच पळत आले परीक्षेला." तिच्या उजव्या मनगटात फिकट गुलाबी दोरा होता. "भावनाचं फार वाईट झालं हो. मी चमचे न्यायला आले होते तेव्हा बरणी झाकलेलीच होती. मी तर रोज तिच्या डब्यातलं खाते, मला कधी काही झालं नाही."

निरंजनरावांनी शिरा खाल्ला. सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला चव आली. खिडकीतून त्यांना दिसलं, यामिनी जिन्याशी पोचताच तो लठ्ठ कुत्रा उठला, शेपटी हलवत आला आणि तिची पिशवी हुंगू लागला.

"गुणी मुलगी," ते म्हणाले. "मुकी जनावरंही ओळखतात."

"ओळखतात खरी," गंधालीबाई म्हणाल्या. त्यांनी शिरा खाल्ला नव्हता.

त्यांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. विभागप्रमुख सुशील सर आधीच काखा वर करून बसले होते. "पाहुण्यांसमोर विभागाचं नाक कापलं गेलं. स्वच्छता म्हणून काही असते की नाही?"

"स्वच्छतेचं नंतर बोलू, सर. पाल आधी पाहा," गंधालीबाई म्हणाल्या. "ती कडक वाळलेली आहे. कोबी आंबेपर्यंत बरणीत राहिली असती तर लिबलिबीत होऊन सुटली असती. म्हणजे ती आजच, मधल्या तासात टाकली. आणि वाळलेल्या पालीत रक्त कुठून येणार?"

"मग पाणी गुलाबी कसं झालं?" निरंजनरावांनी विचारलं.

"पाल बशीखाली दडवायची तर हात आत घालावा लागतो. तुमचा किती बुडाला?"

"मनगटाच्या वर."

"सरांनी चिमटा वापरला. भावनाच्या हातात रंग सुटेल असं काही नाही, हिरालालचे हात उघडे आहेत. अभिनवचा दोरा इतका जुना, की त्याचा रंग केव्हाच आंघोळीत गेला. पण नवा लाल दोरा पहिल्यांदा भिजला की रंग सोडतो, आणि आंबट-खारट पाण्यात तर जास्तच. आज सकाळी बांधलेला धागा लालभडक हवा." त्या वळल्या. "यामिनी, तुझा फिका कसा झाला?"

यामिनीनं दुसरा हात मनगटावर ठेवला.

"पर क्यों?" अभिनव म्हणाला. "सीट तो मुझे मिलती!"

"तिला जागा नकोच होती. तिला फक्त खायचं नव्हतं," गंधालीबाई म्हणाल्या. "तू खाणार नाहीस म्हणून सरळ सांगितलंस. हिला ते सांगता येईना. जोडीदार म्हणून परदेशी बाईंसमोर पहिला घास हिचा. तिथं जिना नव्हता, आणि कुत्राही नव्हता."

भावनाला समजायला क्षणभर लागला. मग तिचा चेहराच उतरला.

"माझा डबा?" ती म्हणाली. "रोजचा?"

यामिनी रडू लागली. "आई म्हणते, दोस्ती कर, अभ्यास कर, पण त्या लोकांच्या घरचं खाऊ नको. मी तुला कधी तोडून बोलले का, भावना? तुला वाईट वाटू नये म्हणूनच तर..."

"तुले तिखट लागते म्हणून आई तुझी भाजी वेगळी करायची," भावना म्हणाली. "पहाटे उठून."

"मेलेली पाल उचलताना तुला किळस नाही आली, पोरी," गंधालीबाई म्हणाल्या. "तिच्या घरच्या घासाची आली."

निरंजनरावांनी रुमाल पुन्हा तोंडावर दाबला. पालीची, वासाची, त्या पाण्याची शिसारी काहीच नव्हती म्हणावं अशी ही शिसारी होती. मघाचा शिरा अजून जिभेवर होता. ते बाहेर गेले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

सुशील सरांनी मान खाली घालून जर्मन बाईंना फोन लावला. संध्याकाळी परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. भावनाच्या घरी कोबीची दुसरी, छोटी बरणी होती. मेश्राम ती स्कूटरवर दोन पायांत धरून घेऊन आले.

"जोडीदार लागेल," सर म्हणाले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. जो तो पायांकडे बघत होता.

"मैं बैठता हूँ," अभिनव म्हणाला.

"तुझी जागा जाईल रे," निरंजनरावांच्या तोंडून निघून गेलं.

"मेरी थी कब?"

भावनानं सगळी कृती न अडखळता सांगितली. मग वाटी पुढे केली. अभिनवनं घास तोंडात टाकला, त्याचं सगळं तोंड आक्रसलं, आणि डोळ्यांत पाणी आणून तो जर्मनमध्ये काहीतरी भरभर बोलला. जर्मन बाई खळखळून हसल्या. आणि दिवसभरात पहिल्यांदाच भावनाही मनमोकळं हसली.

"काय म्हणाला?" निरंजनरावांनी सरांना हळूच विचारलं.

"म्हणतो, इतकं घाणेरडं मी जन्मात खाल्लं नाही."

निरंजनराव संतापून उठणार, तोच त्यांचं लक्ष गेलं. अभिनवची वाटी रिकामी होती, आणि तो ती पुन्हा भावनापुढे धरत होता.